हाती न लागणारा रोगी

मराठी भाषेला मांजराच्या बाबतीत शब्दांची वाण नाही. नर तो बोका, मादी ती भाटी, लाडाने हाक मारावयाची तर मनी किंवा माऊ. तथापि ज्या मांजराविषयी आम्ही आज लिहावयास बसलो आहोत, त्याला नेमका शब्द आमच्या भाषेत नाही. रानमांजर म्हणावे, तर तो प्राणीच निराळा. उंच पायांचे, आखूड शेपटीचे रानमांजर पाणथळ गवतात राहते आणि आपल्या घरच्या मांजराशी त्याचे नाते दूरच्या भाऊबंदाचे आहे. भटके म्हणावे, तर मासळीबाजारात कोळणीच्या पाटीभोवती घुटमळणारे, येणाऱ्याजाणाऱ्याच्या पायाला अंग घासणारे लाघवी मांजरही भटकेच. आम्हाला अभिप्रेत असलेले मांजर वंशाने घरचे आणि वृत्तीने रानचे. ते माणसाच्या वस्तीत जन्मते, माणसाच्या उष्ट्यावर जगते, आणि तरीही माणसाचा हात त्याच्या पाठीला आयुष्यात एकदाही लागलेला नसतो.

याचे जे कारण जाणकार सांगतात ते मोठे विचार करण्याजोगे आहे. पिल्लू साधारणपणे दोन ते सात आठवड्यांचे असते त्या काळात त्याच्या मनाचे एक दार उघडे असते. तेवढ्या अवधीत माणसाचा आवाज, वास आणि स्पर्श परिचयाचा झाला, तर ते बहुधा जन्मभर माणसाळलेले राहते. ते दार एकदा मिटले की पुढे मायेने, दुधाने किंवा माशाच्या डोक्याने ते क्वचितच पूर्ण उघडते. असे मांजर रोज सायंकाळी तुमच्या ओसरीसमोर येऊन बसेल, ताटलीतले खाईल, तुमच्या येण्याजाण्याच्या वेळाही ओळखेल. परंतु हात पुढे केलात की त्याच्या लेखी तुम्ही वाघ. आपण यात मान-अपमान मानण्याचे कारण नाही.

वाचकांपैकी अनेकांच्या केळीच्या वाडीत, विहिरीच्या काठावर किंवा गोठ्याच्या माळ्यावर असे एखादे जनावर असेल. ते धडधाकट असेतो कोणाचीच तक्रार नसते. उलट उंदीर कमी होतात म्हणून त्याचे मूक स्वागतच होते. अडचण उभी राहते ती ते आजारी पडल्यावर.

वसई तालुक्यातील ज्या धर्मग्रामात आम्ही सेवा करतो, तेथे २०२३ साली हा प्रश्न आमच्या दाराशी येऊन बसला. करड्या पट्ट्यांचा, रुंद तोंडाचा एक बोका चर्चच्या कुंपणाच्या भिंतीवरून रोज फेरी मारीत असे. आमचे स्वयंपाकघर सांभाळणाऱ्या मावशींनी त्याचे नाव 'मुकादम' ठेवले होते. पावसाळ्यात कामगार लावून गटारे उपसून घेणाऱ्या मुकादमासारखाच तो थांबत थांबत, प्रत्येक कोपरा पाहत चाले. ८ सप्टेंबरला मरियामातेचा जन्मोत्सव झाला, त्या सुमारास मावशींच्या ध्यानात आले की मुकादम खाताना मान एका बाजूला कलती करतो आणि माशाचा तुकडा तोंडातून टाकून देतो. आठवडाभराने त्याच्या हनुवटीवरून लाळ गळू लागली. मग डावा गाल सुजला, आणि डोळ्याखाली बोराएवढी गाठ दिसू लागली.

मांजर दुखणे लपविते. ते जसे शिकारी आहे तसेच मोठ्या जनावरांचे भक्ष्यही आहे, आणि रानात जो कण्हतो तो आधी मारला जातो. त्यामुळे मांजराचे दुखणे आपल्याला दिसू लागते तेव्हा ते बहुधा जुने झालेले असते. आम्ही ही गोष्ट पुढे डॉक्टरीणबाईंकडून ऐकली आणि आमच्या काही धर्मग्रामस्थांची आठवण झाली, जे छातीत कळ येऊनही रविवारची मिस्सा संपेपर्यंत चेहऱ्यावर काही दिसू देत नाहीत.

लाळ गळणारे, जवळ येऊ न देणारे जनावर, आणि त्याच आवारात रविवारी धर्मशिक्षणाच्या वर्गाला येणारी मुले. भीती पसरावयास एवढे पुरेसे होते. बोका पिसाळला आहे, अशी कुजबुज सुरू झाली. भीती अगदीच अनाठायी होती असेही म्हणता येत नाही. रेबीज मांजरालाही होतो, आणि त्याची लक्षणे माणसात एकदा दिसू लागली की उपाय जवळजवळ नाहीच. मग ज्याला त्याला तोडगे सुचू लागले. गोणीत घालून खाडीपलीकडे सोडून यावे, हा त्यांतला सर्वांत लोकप्रिय. मांजर मारणाऱ्याला काशीला सोन्याचे मांजर द्यावे लागते, ही शेजारपाजारची समजूत आमच्या लोकांच्या बोलण्यातही रुळलेली आहे. तिच्यामुळे मांजर मारावयास कोणाचा हात धजत नाही. गोणीत घालून परक्या ठिकाणी उपासमारीला सोडून देणे मात्र त्या हिशेबात धरलेले नाही! दुसऱ्या एका सद्गृहस्थाने माणसाच्या तापाची अर्धी गोळी दुधातून देण्याचा सल्ला दिला. मावशींनी तो मानला नाही हे बोक्याचे नशीब. तापावर आपण सर्रास घेतो ती पॅरासिटामॉलची गोळी मांजराला विषासमान आहे. तिचा निचरा करण्याची जी शक्ती आपल्या यकृतात असते ती मांजराच्या यकृतात फारच थोडी असते. रक्ताची प्राणवायू वाहण्याची क्षमता नष्ट होते, हिरड्या तपकिरी पडतात आणि जनावर तडफडून मरते. ही माहिती प्रत्येक घरात असावी म्हणून येथे मुद्दाम नमूद करीत आहोत.

या गडबडीत आमच्या सॅक्रिस्टनने, कोणालाही न विचारता, एका सायंकाळी बोक्यावर गोणपाट टाकले. हेतू चांगला होता. बोका गोणपाटाखालून निसटला आणि जाता जाता त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी दोन सुळे रुतवून गेला. वरून पाहिले तर दोन ठिपके, रक्तही फारसे नाही. पण मांजराचे सुळे सुईसारखे अणकुचीदार असतात. ते तोंडातले जंतू खोल नेऊन ठेवतात आणि वरचे छिद्र लगेच मिटते. दुसऱ्या दिवशी पहाटे त्याचा हात मनगटापर्यंत सुजून लाल झाला होता. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुण्याचे शहाणपण मावशींनी त्याच सायंकाळी दाखविले होते, आणि रात्रीच त्याला सरकारी रुग्णालयात नेऊन रेबीजची पहिली लसही टोचली होती. जखमेभोवती द्यावयाचे औषधही तेव्हाच दिले गेले. पुढच्या खेपा तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. सुजेसाठी प्रतिजैविके निराळी.

तेथील डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली: चावलेले जनावर दहा दिवस नजरेखाली ठेवा. चावतेवेळी ज्या मांजराच्या किंवा कुत्र्याच्या लाळेत रेबीजचे विषाणू असतात, ते या दहा दिवसांत बहुधा उघड आजारी पडून मरते. मुकादमाला खाडीपलीकडे सोडण्याचा बेत या एका वाक्याने निकालात निघाला. तो नजरेआड झाला असता तर आमचा सॅक्रिस्टन महिनाभर कोणत्या काळजीत राहिला असता याची कल्पना करावी. मावशींनी भिंतीवरच्या कॅथलिक दिनदर्शिकेत रोज एक फुली मारण्यास आरंभ केला. फुली म्हणजे आज बोका दिसला.

आता मांजराच्या गळ्यात घंटा बांधावयाची कोणी, हा जुनाच प्रश्न उरला. मुंबईत परळला एकोणिसाव्या शतकात उभारलेले बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालय आहे, आणि १८८६ साली सुरू झालेल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाची परंपराही तेथलीच. ही विद्या बैल, घोडे, गाई आणि म्हशी यांच्या निमित्ताने वाढली, आणि ग्रामीण भागात तिचा भर अजूनही तोच आहे. आम्ही प्रथम ज्या सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो, तेथील अधिकारी अतिशय सौजन्याने वागले. परंतु त्यांचा दिवस तबेल्यांतल्या म्हशी आणि शेळ्यांचे लसीकरण यांत जात होता. तुम्ही त्याला धरून आणा, मी सुई टोचतो, असे ते म्हणाले. धरून आणता आला असता तर प्रश्नच काय होता? दुसरीकडे, एका खासगी दवाखान्यात, हात लावू न देणारे मांजर आम्ही पाहत नाही, असे दूरध्वनीवरच सांगण्यात आले. रोग्याला ज्या कारणासाठी वैद्याची गरज आहे त्याच कारणासाठी वैद्य नाकारतो, हे ऐकून आम्ही थोडे खिन्न झालो. तरीही त्या डॉक्टरांना पूर्ण दोष देववत नाही. घाबरलेला बोका लहानशा खोलीत मोकळा सुटला तर काय होते, हे आमच्या सॅक्रिस्टनला विचारावे.

तिसऱ्या ठिकाणी, मुंबईच्या उपनगरातील एका दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंनी होय किंवा नाही म्हणण्याआधी प्रश्न विचारले. लाळ किती दिवसांपासून गळते? तो खाण्याच्या जागी येतो का, की लपून बसतो? चाल सरळ आहे का? लाळ दोन आठवड्यांहून अधिक काळ गळते आहे, बोका भुकेला आहे पण चावताना दुखते असे दिसते, स्वभावात बदल नाही, म्हणजे पूर्वीही जवळ येत नव्हता आणि आताही येत नाही, असे आम्ही सांगितले. त्यावर त्या म्हणाल्या, "फादर, हा बहुधा दाताचा आजार आहे. तरी दहा दिवस पुरे होईपर्यंत हातमोज्यांशिवाय कोणी जवळ जाऊ नये. आणि माझ्याकडे आणायचा तर पिंजऱ्यात आणा. पिंजऱ्यातून बाहेर काढायचं काम माझं."

हे शेवटचे वाक्य ऐकले आणि आमच्या मनावरचे अर्धे ओझे उतरले.

पिंजरा मिळाला तो भटक्या मांजरांची नसबंदी करणाऱ्या मुंबईतील काही स्वयंसेवकांकडून, उसना. लोखंडी जाळीची लांब पेटी. आतल्या टोकाला एक पातळ पत्र्याची पट्टी. तिच्यावर पाय पडला की मागचे दार खाली येते. वरकरणी साधे यंत्र. पण ते वापरण्याची एक शिस्त आहे आणि ती सारी उतावीळपणाच्या विरोधात जाते. पहिले चार दिवस दार दोरीने वर बांधून ठेवावयाचे, म्हणजे ते पडणारच नाही. खाणे पहिल्या दिवशी पिंजऱ्याच्या तोंडाशी, दुसऱ्या दिवशी हातभर आत, मग मधोमध, आणि शेवटी पट्टीच्या पलीकडे. जाळी पायाला टोचू नये म्हणून खाली वर्तमानपत्र. खाण्याची वेळ रोज तीच, जागा तीच, आणि इतर कोठेही उष्टे टाकावयाचे नाही. ही शेवटची अट आमच्या आवारात पाळून घेणे सर्वांत कठीण गेले. चर्चच्या मागच्या बाजूला राहणारी एक आजीबाई रोज रात्री भात टाकी. तिला दोनदा समजावून सांगितले, तिने दोनदा मान हलविली, आणि भात पडतच राहिला. अखेर मावशीच रात्री तिच्याकडे जाऊन तो भात मागून आणू लागल्या.

दुखऱ्या तोंडाच्या जनावराला पिंजऱ्यात आणावयाचे तर खाणे मऊ हवे आणि वास दुरून यावयास हवा. मावशींनी ओले बोंबील शिजवून, काटे काढून, कोमट असतानाच त्यांचा लगदा ठेवला. त्यात मीठ नाही, तसेच कांदा आणि लसूणही नाही. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतात, हे डॉक्टरीणबाईंनी बजावले होते. बोंबलाला लसूण नाही म्हणजे काय, असे म्हणत मावशींनी कपाळाला हात लावला, पण आज्ञा पाळली.

पाचव्या रात्री दोरी सोडली. रात्री दहाच्या सुमारास दार पडल्याचा आवाज झाला म्हणून आम्ही विजेरी घेऊन धावलो, तो आत एक तांबूस भाटी, तोंडाला बोंबील लागलेली, आमच्याकडे संतापाने पाहत होती. तिला सोडले. सहाव्या रात्री मुंगूस! सातव्या रात्री काहीच नाही. बोका आला, पिंजऱ्याला प्रदक्षिणा घातली, आणि गेला. मावशींची त्या दिवसाची फुली मात्र पडली. आठव्या रात्री पाऊस. नवव्या पहाटे, सकाळच्या मिस्सेची घंटा होण्याआधी, मुकादम आत होता.

पकडले गेलेले रानटी मांजर पाहणे सुखाचे नसते. तो जाळीवर आपटत होता आणि नाकाला खरचटून घेत होता. अशा वेळी एकच उपाय असतो आणि तो आश्चर्यकारक वाटावा इतका लवकर लागू पडतो: पिंजऱ्यावर जाड चादर टाकावयाची. अंधार झाला की मिनिटाभरात धडपड थांबते. बोलून, चुचकारून समजूत घालू गेलात तर त्याची भीती वाढते. माणूस दुःखात असेल तर त्याच्याजवळ बसावे, बोलावे, हे आम्ही सेमिनरीत शिकलो आणि तीस वर्षे करीत आलो. येथे दयेचा अर्थ चादर टाकून दूर जाणे असा होता.

चादरीसह पिंजरा केळीच्या एका व्यापाऱ्याच्या काट्यावर ठेवून वजन केले आणि रिकाम्या पिंजऱ्याचे वजन त्यातून वजा केले. तीन किलो. भुलीचे औषध वजनाच्या प्रमाणात द्यावयाचे असते, आणि हे जनावर कोणाच्या काट्यावर स्वखुशीने बसणारे नव्हते. मग एका धर्मग्रामस्थाच्या टेम्पोतून महामार्गाने निघालो. खाडीपुलाच्या अलीकडे वाहतूक नेहमीप्रमाणे तुंबली, आणि चादरीखालून एक शब्दही आला नाही.

दवाखान्यात सुई टोचण्याआधी डॉक्टरीणबाईंनी आम्हाला एका बाजूला घेतले. भूल दिल्यावर बोका उठणारच अशी खात्री देता येत नाही, कारण किती अशक्त आहे हे तपासल्याशिवाय कळत नाही आणि भूल दिल्याशिवाय तपासता येत नाही. याला आम्ही संमती दिली. पण त्यांचा दुसरा प्रश्न अधिक अवघड होता. तोंडात दातांच्या आजाराऐवजी कर्करोगाची गाठ निघाली, तर त्याला उठवावयाचे की झोपेतच जाऊ द्यावयाचे? रोज गोळी देता येईल असा हा रोगी नाही. त्याला परत भिंतीवर सोडले तर तो उपाशी मरेल. "आत्ताच सांगा, फादर. मध्येच थांबून विचारायला वेळ नसतो."

माणसाच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर आम्हाला विचार करून द्यावे लागत नाही. माणसाचे जीवन आणि मरण देवाच्या हाती आहे, आणि आजाऱ्याचे दुःख संपविण्यासाठी आजाऱ्याला संपवू नये, हे आम्ही कित्येक घरांतून खाटेशेजारी उभे राहून सांगितले आहे. पशूची गोष्ट वेगळी आहे, आणि आमचा धर्मही ती वेगळी मानतो. हे सारे ठाऊक असूनही उत्तर देताना आमचा आवाज नेहमीसारखा निघाला नाही. गाठ निघाली तर उठवू नका, असे आम्ही म्हणालो. नंतर टेम्पोचालक तरुणाने विचारले, फादर, तुम्ही असं कसं सांगितलंत? त्याला म्हटले, दुखणे बरे करता येत नाही आणि सोसण्याचा अर्थही ज्याला कळत नाही, त्याला ते उगाच सोसावयास लावू नये. त्याचे समाधान झाले की नाही ते ठाऊक नाही.

पिंजऱ्यात दात्यांच्या फणीसारखी लोखंडी पट्टी सरकवून बोक्याला एका बाजूस दाबले आणि जाळीतूनच मांडीत केटामाईन आणि सोबतचे औषध टोचले. पाच-सात मिनिटांत मान खाली गेली. या औषधाने झोपलेल्या मांजराचे डोळे उघडेच राहतात, म्हणून ते कोरडे पडू नयेत यासाठी आधी डोळ्यांत मलम घातले. मग इतक्या दिवसांत प्रथमच मुकादमाला माणसाचा हात लागला.

गाठ नव्हती. वरचा डावा सुळा कधीतरी मोडला होता, बहुधा मारामारीत. त्याच्या मुळाशी पू साचून तो डोळ्याखालून फुटू पाहत होता. सुळा आणि किडलेले आणखी दोन दात काढले, पू उपसून जखम धुतली, लांब पल्ल्याचे प्रतिजैविक एकदाच टोचले, म्हणजे रोज औषध देण्याचा प्रश्न उरला नाही. चावा घेतल्याला तोवर दहाहून अधिक दिवस होऊन गेले होते, आणि बोका जिवंत होता, म्हणजे रेबीजची शंका मिटली होती. तेव्हा त्याला त्याची लसही दिली. त्याच भुलीत नसबंदी केली आणि ओळखीसाठी कानाचे टोक सरळ छाटले. असा रोगी दुसऱ्यांदा हाती लागत नाही. जे करावयाचे ते एकाच खेपेत. स्वयंसेवक म्हणाले ते खरे आहे: पिंजऱ्यातला हुशार बोका आयुष्यात एकदाच सापडतो.

रक्ताच्या तपासणीत मात्र एक दोष निघाला. मांजरांची प्रतिकारशक्ती हळूहळू पोखरणारा एक विषाणू आहे. तो १९८६ साली कॅलिफोर्नियात सापडला आणि प्रामुख्याने भांडणातल्या चाव्यातून एका मांजराकडून दुसऱ्याकडे जातो. तो मुकादमाच्या रक्तात होता. माणसाला त्याची बाधा होत नाही, आणि असे मांजर वर्षानुवर्षे बरे जगू शकते. परंतु टेम्पोवाल्याने घरी काय सांगितले कोण जाणे, रविवारपर्यंत साऱ्या गावात 'फादरांच्या बोक्याला एड्स झाला' अशी वार्ता! हा विषाणू माणसाला लागत नाही आणि माणसाचा त्याला लागत नाही, हे मिस्सेनंतरच्या सूचनांत सांगावे लागले. सूचना वाचताना मागच्या बाकांवर हशा पिकला, आणि आम्हीही हसलो.

हसण्यावारी न नेण्याजोगी गोष्ट पालकीय मंडळाच्या बैठकीत निघाली. एक निवृत्त शिक्षक आहेत. मितभाषी, सचोटीचे. त्यांच्या धाकट्या भावाला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला न्यावे लागते. ते उभे राहून म्हणाले, "फादर, मी रागाने बोलत नाही. पण त्या बोक्याच्या दातावर खर्च झाला तेवढ्यात एका घराचा महिन्याचा किराणा भरला असता." आकडा त्यांनी बरोबर लावला होता.

हा खर्च आम्ही आमच्या मानधनातून आणि दोन कुटुंबांनी आपण होऊन दिलेल्या रकमेतून केला होता. संत विन्सेंट डी पॉल संस्थेच्या पेटीला हात लागला नव्हता, आणि हे आम्ही सांगितले. पण त्यांचा प्रश्न हिशेबाचा नव्हता. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या धर्मशिक्षणग्रंथात प्राण्यांविषयी २४१८ व्या परिच्छेदात दोन विधाने लागोपाठ येतात. प्राण्यांना विनाकारण यातना देणे हे मनुष्याच्या प्रतिष्ठेला न शोभणारे आहे, आणि जो पैसा प्रथम माणसांच्या दुःखनिवारणाला लागावयास हवा तो प्राण्यांवर उधळणे हेही तसेच. लोक आपापल्या सोयीने यांपैकी एकच विधान सांगतात. आमच्या मते दोन्हींची ताकद सारखी आहे, आणि म्हणून त्यांतून सुटण्याची सोपी वाट नाही. मुकादम आमच्या भिंतीआड आजारी होता, त्याच्यामुळे एक माणूस जखमी झाला होता, मुलांच्या आयांना झोप नव्हती. त्याला तसेच ठेवण्याचीही किंमत होती आणि तीही माणसेच मोजत होती. एवढे आम्ही बोललो. शिक्षकांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, ठीक आहे. त्या ठीक आहेमध्ये पूर्ण संमती नव्हती, आणि ती मागण्याचा अधिकार आम्हाला आहे असेही वाटले नाही. त्यांच्या भावाकडे आम्ही त्या आठवड्यात दोनदा गेलो. एरवी एकदाच जात असू.

बोक्याला तीन दिवस पिंजऱ्यातच, लाकडे ठेवण्याच्या अंधाऱ्या खोलीत ठेवले. पहिल्या रात्री ऊब राहावी म्हणून गरम पाण्याच्या बाटल्या फडक्यात गुंडाळून पिंजऱ्याला लावल्या, कारण भुलीतून उठणाऱ्या मांजराचे अंग गार पडते. दुसऱ्या दिवशी त्याने बोंबलाचा लगदा चाटून पुसून खाल्ला. चौथ्या दिवशी पहाटे, जेथे पकडले तेथेच, दार वर केले. तेथेच सोडावे असा नियम आहे. परक्या जागी सोडलेला बोका उपाशी मरतो किंवा परतीच्या वाटेवर गाडीखाली येतो, आणि त्याची रिकामी झालेली जागा दुसरा बोका महिन्याभरात घेतो. मुकादम बाहेर पडला तो मागे वळून न पाहता, केळीच्या आड.

पुढे अकरा दिवस तो दिसला नाही. मावशींनी दिनदर्शिकेचे पान उलटले आणि फुल्या मारणे सोडून दिले. बाराव्या सायंकाळी तो भिंतीवर होता. गाल बसलेला, कान तुटका, अंग थोडे भरलेले. ताटलीपासून दहा पावलांवर मावशी उभ्या होत्या. त्या आत जाईपर्यंत तो खाली उतरला नाही. अजूनही उतरत नाही.

सॅक्रिस्टनने शेवटची लस घेतली. स्वयंसेवकांचा पिंजरा परत केला, आणि धर्मग्रामातील वेल्डिंगचे काम करणाऱ्या एका तरुणाने तो परत जाण्याआधी माप घेऊन तसाच दुसरा बनवून दिला. तो नाताळच्या गव्हाणीच्या सामानाशेजारी ठेवलेला असतो. गेल्या आठवड्यात पलीकडच्या गावातील सिस्टरांनी तो मागितला. त्यांच्या अंगणातल्या एका भाटीचा डोळा पाण्याने भरला आहे आणि ती कोणाच्या हाती लागत नाही. पिंजरा पोहोचवावयास सॅक्रिस्टन गेला. जाताना मावशींनी त्याच्या सायकलवरचे गोणपाट काढून घेतले.